चकवा आणि संगणक

(संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे किंवा शिरपूर-शहाद्याकडे, जुन्या माणसांना विचारा. 'चकवा' म्हणजे काय ते आपणास नीट सांगतील. रात्री वाट चालणारा माणूस त्याच त्या झाडापाशी पुन्हा पुन्हा येऊन उभा राहतो. पाय चालत असतात, वाट सरत असते, गाव मात्र येत नाही. चकवा लागला की माणसाने जागच्या जागी बसून उजाडण्याची वाट पाहावी, असे म्हणतात. चकवा खरा की खोटा हा माझा विषय नाही. संगणकालाही एक चकवा लागू शकतो, तो मात्र अगदी खरा आहे, आणि संगणकाला उजाडण्याची वाट पाहत बसता येत नाही. मग तो काय करतो, एवढेच सांगावयाचे आहे.

बोलताना माझ्यापाशी फळा होता, येथे तो नाही. म्हणून जेथे मी आकृती काढली होती तेथे आपल्या भागातील चार उदाहरणे घेतली आहेत. ज्यांनी संगणक केवळ बँकेत किंवा सेतू कार्यालयात खिडकीपलीकडून पाहिला असेल, त्यांनीही पुढे वाचावे; समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम ग्रंथालयात जाऊ. धरणगावला १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे आपणा सर्वांना बालकवी म्हणून ठाऊक आहेत. ग्रंथालयाच्या सूचीत एखादा विद्यार्थी 'ब' च्या खणात शोधतो. तेथे पत्र असते, 'बालकवी: पहा ठोंबरे, त्र्यंबक बापूजी'. तो 'ठ' च्या खणाकडे वळतो, तेथे पुस्तकाचे नाव आणि कपाटाचा क्रमांक सापडतो, काम झाले. पहिल्या पत्रावर पुस्तकाची काहीच माहिती नव्हती, फक्त 'तिकडे पहा' एवढा हवाला होता. आता अशी कल्पना करा की 'ठ' च्या खणातील पत्र फाटले, आणि नव्या मदतनिसाने घाईत तेथे 'ठोंबरे: पहा बालकवी' असे पत्र लावले. पुस्तक कपाटात सुखरूप आहे, दोन्ही पत्रे नीटनेटकी आहेत, एकेकटे पाहिले तर एकही पत्र खोटे नाही. तरीही विद्यार्थी 'ब' कडून 'ठ' कडे आणि 'ठ' कडून 'ब' कडे फिरत राहील. माणूस असल्यामुळे दुसऱ्या खेपेस तो हसेल आणि ग्रंथपालाकडे जाईल. संगणकाला हसू येत नाही.

संगणकावर फाईली ठेवण्याची व्यवस्था ही कपाट, खण आणि खणातील खण अशी असते. त्या खणाला डिरेक्टरी म्हणतात. प्रत्येक फाईलला, आणि प्रत्येक डिरेक्टरीलाही, आत एक क्रमांक असतो. युनिक्सच्या परंपरेत त्याला आयनोड क्रमांक म्हणतात. शेतकऱ्याच्या मुलास हे पटकन समजते. शेताला घरची माणसे 'आमराई' म्हणोत की 'नाल्याकाठचे' म्हणोत, सातबाऱ्यावर त्याचा गट क्रमांक एकच असतो. फाईलचे नाव म्हणजे घरातले नाव, आयनोड म्हणजे गट क्रमांक.

आता एकाच शेताला दोन नावे द्यावयाची असतील तर दोन मार्ग आहेत. पहिला, दोन्ही नावांपुढे तोच गट क्रमांक लिहिणे. याला हार्ड लिंक म्हणतात, आणि युनिक्समध्ये ती आरंभापासून आहे. दुसरा मार्ग ग्रंथालयातल्या पत्राचा. एक छोटी वेगळी फाईल करावयाची, आणि तिच्यात दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता, केवळ अक्षरांत, लिहून ठेवावयाचा. हीच सिम्बॉलिक लिंक. या लेखात मी तिला हवाला म्हणणार आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द बदनाम केला असला तरी मूळ शब्द सरळ आहे: 'ह्याच्या हवाल्याने त्याच्याकडे जा'. मल्टिक्स नावाच्या अमेरिकेतील प्रणालीत १९६५ पासूनच अशा दुव्यांची योजना होती. युनिक्सच्या घराण्यात बर्कली विद्यापीठाने १९८३ मध्ये काढलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर ती आली, आणि आज लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सर्वत्र आहे. विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सिम्बॉलिक लिंक आहे. पडद्यावर बाण असलेले चित्र दिसते तो 'शॉर्टकट' मात्र निराळा. त्याला दुहेरी टिचकी मारली की पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम तो वाचतो. खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने ती एक साधी फाईल असते. हवाल्याचे तसे नाही. तो खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम वाचते आणि आपण होऊन पुढे जाते. वरच्या प्रोग्रॅमला वाटेत हवाला लागला हे कळतही नाही. सोय म्हणतात ती हीच, आणि चकव्याचे मूळही हेच.

हवाल्याची गरजच का पडते, असे कोणी विचारील. आपल्या खानदेशाएवढे उत्तम उदाहरण त्याला दुसरे नाही. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास, म्हणजे १९६० च्या आसपास, ती नावे जाऊन जळगाव आणि धुळे ही नावे आली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. शहाद्याच्या एखाद्या कुटुंबाचे जुने कागद काढा. आजोबांच्या कागदावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या कागदावर धुळे, मुलाच्या कागदावर नंदुरबार. घर एकच, हलले नाही. शोधणाऱ्याला 'पश्चिम खानदेश: पहा धुळे' आणि 'धुळे: पहा नंदुरबार' अशा दोन हवाल्यांतून जावे लागते, पण तो अखेर घराशी पोहोचतो. पदव्यांचेही तेच. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले, त्यापूर्वी आपली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. पुढे २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले, आणि पुण्याचे विद्यापीठ त्याआधीच, २०१४ पासून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले होते. ज्या कार्यालयाच्या संगणकावर 'उमवि' नावाची डिरेक्टरी होती तेथे कोणी नवीन नावाची डिरेक्टरी केली आणि जुन्या नावाचा हवाला मागे ठेवला, तर त्यात चूक काहीच नाही. उलट ती शहाणपणाची गोष्ट आहे. जुने प्रोग्रॅम जुन्या नावाने मागतात, त्यांनाही वस्तू मिळते.

अशी साखळी कितीही लांब असली तरी तिला शेवट असेल तोपर्यंत ठीक. चकवा लागतो तो साखळीचे शेवटचे टोक पहिल्या कडीत अडकले म्हणजे.

मग ऑपरेटिंग सिस्टिम हवाला करतानाच का तपासत नाही? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारला, आणि तो रास्त आहे. 'अ' मध्ये 'ब' लिहिले. 'ब' मध्ये 'अ' लिहू लागताच नकार द्यावा, संपले. परंतु हवाल्यात फक्त अक्षरे असतात. ज्या ठिकाणाचा पत्ता लिहिला ते ठिकाण आज अस्तित्वात असलेच पाहिजे असे बंधन नाही. ते उद्या तयार होईल, किंवा दुसऱ्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क दुपारी जोडली जाईल. शिवाय आज सरळ असलेला हवाला उद्या कोणी मधली डिरेक्टरी हलवली की वर्तुळात जाऊ शकतो, आणि त्या वेळी हवाल्याला कोणी हातही लावलेला नसतो. म्हणजे जन्माच्या वेळी दाखला देऊन भागत नाही. त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक वेळी तपासावे लागते.

हार्ड लिंकच्या बाबतीत मात्र सरकारी कडकपणा आहे, आणि तो योग्य आहे. डिरेक्टरीची हार्ड लिंक लिनक्स कोणालाही करू देत नाही, व्यवस्थापकालाही नाही. कारण आयनोडवर 'मला किती नावे आहेत' याची मोजणी असते, आणि ती शून्य झाली म्हणजेच जागा मोकळी होते. एखादी डिरेक्टरी स्वतःच्याच पोटात दुसऱ्या नावाने बसली, तर बाहेरचे सर्व रस्ते तोडले तरी ती मोजणी शून्यावर येत नाही. कोणास न दिसणारे एक बेट डिस्कवर तरंगत राहते. एखादी डिरेक्टरी तिच्याच आतल्या डिरेक्टरीत हलवू पाहिली तर तोही व्यवहार याच कारणाने नाकारला जातो. (ॲपलने २००७ मध्ये आपल्या टाइम मशीन या बॅकअप योजनेसाठी डिरेक्टरीच्या हार्ड लिंकला परवानगी दिली होती, पण तो बंदोबस्तातला अपवाद.) हवाल्याची गोष्ट सौम्य आहे. तो कोणाच्या मोजणीत येत नाही. वर्तुळ झाले तरी डिस्क बिघडत नाही, फक्त वाट बिघडते. म्हणून तेथे मनाई करण्याऐवजी पहारा ठेवला.

तो पहारा किती साधा असेल याची कल्पना आपणास येणार नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मोजते. बस्स. एक वाट उलगडताना किती हवाले लागले याचा आकडा ती मनात धरते, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की हात वर करते. लिनक्समध्ये ही मर्यादा ४० आहे. चाळीस हवाले चालतात, एकेचाळिसाव्याला 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' असा संदेश येतो. आत त्या चुकीचे नाव 'ईलूप' असे आहे. पॉसिक्स या प्रमाणकाप्रमाणे निदान ८ हवाले तरी प्रत्येक प्रणालीने चालवून घेतलेच पाहिजेत. मॅकवर मर्यादा ३२ आहे. विंडोजमध्ये एका वाटेवर ६३ पर्यंत चालतात, एक्सपीच्या काळी ३१ होते.

यावर हुशार विद्यार्थ्याचा चेहरा पडतो. तो म्हणतो, सर, ही काय शास्त्रीय पद्धत झाली? चाळीसच का? तो अधिक वाचलेला असेल तर ससा आणि कासवाची युक्ती सांगतो. एक बोट एक-एक पाऊल टाकते, दुसरे दोन-दोन. वाट वर्तुळाकार असेल तर ससा कासवाला मागून येऊन गाठतोच. रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते, आणि रीत खरोखर सुंदर आहे. पण येथे ती का चालत नाही ते पाहा. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

'येथे मी आधी आलो होतो' एवढ्यावरून वर्तुळ सिद्ध होत नाही. समजा 'चालू' नावाचा हवाला '२०२४-२५' या डिरेक्टरीकडे नेतो. कोणी वाट लिहिली, 'चालू' मध्ये जा, तेथून एक पायरी वर ये, पुन्हा 'चालू' मध्ये जा आणि यादी उघड. लिहिणारा वेंधळा असेल, पण वाट सरळ आहे आणि ती यादीशी पोहोचते. तोच हवाला दोनदा लागला म्हणून त्याला अडवणे अन्याय होईल. जळगावहून भुसावळला जाऊन परत जळगावला आलेला प्रत्येक माणूस चकव्यात सापडलेला नसतो.

याच्या उलटही घडते. 'अ' नावाच्या हवाल्यात 'अ च्या आतील क्ष' असे लिहा. 'अ' उलगडावयास गेलो की 'अ/क्ष' मिळते, त्यातील 'अ' उलगडला की 'अ/क्ष/क्ष', मग 'अ/क्ष/क्ष/क्ष'. हे निव्वळ वर्तुळ नव्हे, ही फुगत जाणारी सर्पिल वाट आहे. प्रत्येक फेरीत उरलेले काम आधीपेक्षा वेगळे असते, त्यामुळे ससा आणि कासव यांच्या हाती कधीच अगदी तीच स्थिती येत नाही. ससा धावतच राहील. मोजणारा कारकून मात्र या दोन्ही प्रसंगी फसत नाही. त्याला वर्तुळ ओळखावयाचेच नाही, फक्त किती झाले ते पाहावयाचे आहे. सरळ माणसाला चाळीसहून अधिक हवाल्यांची गरज पडत नाही, हा अनुभव, आणि चाळीस पायऱ्या मोजण्यास संगणकाला काही श्रम नाहीत, ही सोय. या दोन्हींच्या आधारे आकडा ठरला. ४१ कड्यांची खरीखुरी, शेवट असलेली साखळी कोणी केली तर तिलाही नकार मिळेल हे खरे. तो अन्याय मला मान्य आहे, कारण तसा अर्जदार मी आजवर पाहिलेला नाही.

लिनक्समध्ये काही काळ याहूनही कडक नियम होता, आणि त्याचे कारण गणिती नव्हते, जागेचे होते. वाट उलगडणारा भाग एका हवाल्यात दुसरा हवाला लागला की स्वतःलाच पुन्हा बोलावीत असे, आणि दर बोलावण्याला गाभ्याच्या छोट्याशा राखीव स्मृतीतील थोडी जागा लागे. ती संपली तर सारी यंत्रणा कोसळेल. म्हणून हवाल्यात हवाला असा पाचच थरांपर्यंत चाले. २००६ च्या २.६.१८ आवृत्तीत ते आठ केले. २०१५ साली ४.२ या आवृत्तीत हा भाग नव्याने लिहिला गेला, स्वतःला बोलावणे बंद झाले, आणि थरांची अट जाऊन फक्त एकूण चाळीसची अट उरली.

ही अट नसती तर काय झाले असते? लक्षात घ्या, वाट उलगडण्याचे काम गाभ्यात, म्हणजे सर्वांच्या वतीने चाललेल्या कचेरीत होते. कोणा एका विद्यार्थ्याने दोन ओळींत दोन हवाले एकमेकांकडे वळवून ठेवले असते आणि गाभा घाण्याच्या बैलासारखा फिरत बसला असता, तर त्या एका खोडीने सर्वांचे काम अडवता आले असते. चाळिसाची मर्यादा त्या बाकीच्या माणसांसाठी आहे. हीच युक्ती अन्यत्रही आढळेल. इंटरनेटवर धावणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, जास्तीत जास्त २५५. वाटेतील दर नाक्यावर तो एकाने कमी होतो, आणि शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. दोन नाके एकमेकांकडे बोट दाखवू लागले तरी पाकीट अनंतकाळ फिरत नाही. आपल्या मोबाईलवरील ब्राउझरही एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवले तर विसेक फेऱ्यांनंतर थांबतो.

आता एक घडलेली गोष्ट. आपल्याच भागातील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात, शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत चार दिवसांवर आली असताना, विद्यार्थ्यांच्या दाखल्यांची डिरेक्टरी उघडेनाशी झाली. कित्येक वर्षांचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, गुणपत्रिका, सर्व तेथे. मूळ कागद पालकांना परत दिलेले, आणि पालकांपैकी कोणी सुरतेला, कोणी भिवंडीला कामावर. पडद्यावर तोच संदेश, 'टू मेनी लेव्हल्स'. कार्यालयाने दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने संदेश वाचला न वाचल्यासारखा केला आणि निदान सांगितले: डिस्क खराब झाली आहे, फॉरमॅट करून नव्याने भरावी लागेल.

सुदैवाने फॉरमॅट करण्यापूर्वी एका शिक्षकांनी मला दूरध्वनी केला. मी जाऊन पाहिले तर डिस्क ठणठणीत होती. झाले होते ते असे. आधी एकाने 'दाखले' या डिरेक्टरीचे नाव 'विद्यार्थी-दाखले' असे बदलले आणि जुना प्रोग्रॅम चालावा म्हणून 'दाखले' नावाचा हवाला मागे ठेवला. योग्यच केले. वर्षभराने जागा अपुरी पडली. दुसऱ्या माणसाने नवीन डिस्क जोडली, सर्व कागद तिच्यावर हलवले आणि तेथे त्या डिरेक्टरीस पुन्हा 'दाखले' असेच सुटसुटीत नाव दिले. मग जुन्या जागी 'विद्यार्थी-दाखले' नावाचा हवाला केला, आणि त्यात पूर्ण पत्ता न लिहिता नुसते 'दाखले' एवढेच लिहिले. तो स्वतः त्या क्षणी नव्या डिस्कवर उभा होता, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे 'दाखले' म्हणजे तेथले दाखले. परंतु हवाल्यातील अर्धवट पत्ता हा लिहिणारा कोठे उभा होता तेथून वाचला जात नाही. हवाला स्वतः जेथे ठेवला आहे तेथून वाचला जातो. आणि तेथे 'दाखले' म्हणजे पहिल्या माणसाचा जुना हवाला! 'दाखले' म्हणे विद्यार्थी-दाखल्यांकडे जा, 'विद्यार्थी-दाखले' म्हणे दाखल्यांकडे जा. कागद नव्या डिस्कवर एका ओळीत बसलेले होते. चुकीचा हवाला काढून पूर्ण पत्त्याचा नवा लावला, दहा मिनिटांत कार्यालय सुरू झाले, आणि अर्ज मुदतीत गेले.

त्या संदेशात 'डिस्क' हा शब्दच नाही, इकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले होते. यंत्र इंग्रजीत का होईना, नेमके दुखणे सांगत होते.

येथपर्यंत पहिल्या जातीचा चकवा झाला, ज्यात वाट कोठेच पोहोचत नाही. दुसरी जात अधिक लबाड आहे. तिच्यात वाट प्रत्येक वेळी पोहोचते! एखाद्या डिरेक्टरीत असा हवाला ठेवा की जो त्याच डिरेक्टरीकडे नेतो. डेबियन लिनक्समध्ये असा एक हवाला अनेक वर्षे मुद्दाम ठेवलेला होता: प्रोग्रॅमांच्या डिरेक्टरीत 'एक्स-११' नावाचा, त्याच डिरेक्टरीकडे वळणारा, जुन्या पत्त्यांनी शोधणाऱ्यांची सोय म्हणून. त्याच्यातून एकदा गेलात, तेथेच आलात. पुन्हा गेलात, पुन्हा तेथेच. सरळ काम करणाऱ्यास काही त्रास नाही. त्रास होतो तो सारे घर झाडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमांना, म्हणजे बॅकअप घेणारे, शोध घेणारे, जागा मोजणारे. ते प्रत्येक खणात शिरतात, आणि हवाल्यातही शिरू लागले तर तेच घर पुन्हा पुन्हा झाडत बसतात. चाळिसाचा पहारा येथे असून नसल्यासारखा, कारण असा एक हवाला असेल तर चाळीस फेऱ्या होतील, पण एकाच डिरेक्टरीत असे दोन हवाले असतील तर दर पायरीला दोन फाटे फुटतात आणि चाळिसाव्या पायरीपर्यंत वाटांची संख्या एक लाख कोटींच्या वर जाते. दोनाचा चाळिसावा घात करून पाहा.

म्हणून या प्रोग्रॅमांनी आपापला बंदोबस्त केला आहे. बहुतेकांचा नियम असा की हवाला दिसला तर त्याची नोंद घ्यावी, आत शिरू नये. युनिक्समधील 'फाइंड' ही आज्ञा मुळात तसेच वागते. तिला आग्रहाने आत शिरावयास सांगितले तर ती वरच्या सर्व डिरेक्टऱ्यांचे डिस्क क्रमांक आणि आयनोड क्रमांक ताडून पाहते. आत येऊन पुन्हा आपल्याच पणजोबांची भेट झाली तर 'फाईल सिस्टिम लूप डिटेक्टेड' असे सांगून मागे फिरते. नावावर ती विश्वास ठेवत नाही, गट क्रमांक पाहते. पायथन भाषेत डिरेक्टऱ्यांमधून हिंडण्याची जी सोय आहे, तिचाही मूळ स्वभाव हवाल्यात न शिरण्याचा आहे, आणि शिरलात तर अनंत फेरी होऊ शकते असा इशारा तिच्या माहितीपत्रकातच आहे.

विंडोज व्हिस्टाच्या वेळी हा धडा पुष्कळांना महागात पडला. जुन्या प्रोग्रॅमांसाठी प्रत्येक वापरकर्त्याच्या 'लोकल' या फोल्डरमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचा एक दुवा ठेवला होता, तो 'लोकल' कडेच परत नेणारा. आत डोकावण्यास सर्वांना मनाई अशी पाटीही लावलेली होती. पण नकला करणारी काही साधने तो दुवा ओळखून बाजूस ठेवीत नसत. 'ॲप्लिकेशन डेटा' मध्ये 'ॲप्लिकेशन डेटा', त्यात पुन्हा 'ॲप्लिकेशन डेटा' असे घरात घर तयार होई, आणि शेवटी नाव इतके लांब होई की ते पुसताही येत नसे. खुद्द विंडोजच्या 'रोबोकॉपी' या आज्ञेला असे दुवे वगळ म्हणून वेगळे सांगावे लागते. तेव्हा आपल्या शाळेचा बॅकअप कोणी लावून देत असेल तर त्याला एवढे अवश्य विचारा की हवाला दिसल्यावर तुझा प्रोग्रॅम काय करतो. बॅकअपची डिस्क तेच तेच भरून संपली, आणि नेमक्या दहावीच्या याद्या तिच्यावर आल्याच नाहीत, तर ते संकट ज्या दिवशी मूळ डिस्क जाईल त्याच दिवशी कळते.

चकवा उतरवण्याची साधने हाताशी आहेत. 'रीडलिंक' ही आज्ञा हवाल्याच्या मागे जात नाही, त्याच्या आत काय लिहिले आहे तेवढेच दाखवते. त्यामुळे वर्तुळातील हवालाही तिला वाचता येतो. 'नेमआय' ही वाटेतील प्रत्येक पायरी एका खाली एक मांडून देते. हवाला पुसला तर पुसला जातो तो हवालाच, तो ज्याच्याकडे नेतो ती वस्तू नव्हे. 'आरएम' आज्ञेला भिऊन हात आखडू नये, फक्त आपण पुसतो आहोत तो हवालाच आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हे करून पाहावे. एक रिकामी डिरेक्टरी करा, तिच्यात चार ओळींची 'यादी' नावाची फाईल ठेवा, आणि त्याच डिरेक्टरीकडे नेणारा 'फेरा' नावाचा हवाला करा. नावे मराठीत ठेवण्यास लिनक्सची हरकत नाही, उर्दूतही नाही. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, उर्दूच्या अक्षराला बहुधा दोन, आणि एका नावाला २५५ बाइटांपर्यंत मुभा आहे. मग 'कॅट' आज्ञेने 'फेरा/यादी' वाचा, 'फेरा/फेरा/यादी' वाचा, असे वाढवत न्या. चाळीस फेऱ्यांपर्यंत यादी मुकाट्याने पडद्यावर येईल. एकेचाळिसाव्याला येणार नाही. फेरे हाताने लिहिताना मध्येच मोजणी चुकते, म्हणून शेजारी एकाला बोटांवर मोजावयास बसवा.